जाड लाकूड चेंबरमध्ये वाळवताना चिरा कशा शोधायच्या: सोलापुरातल्या नव्या हातांसाठी

सागाचे पाच बाय पाच इंची सहा खांब चेंबरमधून बाहेर काढले, तेव्हा एकाच्याही अंगावर चीर दिसत नव्हती. बार्शीकडच्या एका वाड्याच्या दुरुस्तीचं काम होतं. सुतारानं रंधा मारला, सूतभर थर उतरला आणि चार खांबांवर वीत-वीत लांबीच्या बारीक रेघा उघड्या पडल्या. गिऱ्हाइकानं खांब परत पाठवले. त्याचं बरोबरच होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या चिरा मी आधी पाहिल्या होत्या. पाचव्या-सहाव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात त्या दिसल्या होत्या. पुढं त्या दिसेनाशा झाल्या आणि लाकूड सावरलं असं मी धरून चाललो.

लाकूड असं सावरत नसतं. चीर मिटते, पण जुळत नाही. तोंड घट्ट बंद होतं आणि आत पोकळी तशीच राहते. म्हणून या कामात चीर दिसली की नाही एवढंच विचारून भागत नाही, ती कधी दिसली हेही लिहून ठेवावं लागतं. अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या शेडमध्ये नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी वही देतो, टॉर्च नंतर. पुढचं सगळं त्या पोरांसाठी आणि त्यांच्यासारख्या नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी लिहितोय.

लाकूड का फाटतं

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत साठलेलं मोकळं पाणी, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी उडून जातं तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि आकसणं सुरू होतं. ही टक्केवारी सुक्या लाकडाच्या वजनावर काढतात. त्यामुळे ताज्या लाकडाचा ओलावा ६० किंवा ८० टक्के ऐकला तर दचकू नका.

इंचभराच्या फळीत बाहेरचं आणि आतलं लाकूड थोड्याफार फरकानं बरोबरच वाळतं. चार-पाच इंच जाडीत तसं होत नाही. बाहेरचा थर २० टक्क्यांवर येतो तेव्हा गाभ्यात अजून ५०-६० टक्के ओल असते. बाहेरचा थर आकसायला बघतो, पण आतलं लाकूड फुगलेलंच असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही. आटलेला सदरा अंगावर चढवला की शिवण उसवते, तसा तो थर ताणला जाऊन फाटतो. पहिल्या दिवसांतली वरची चीर ती हीच.

सोलापूरकराला हे समजवायला मागावरचं उदाहरण पुरतं. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत तुटायला लागतं, म्हणून मागाच्या शेडमध्ये पाणी मारतात आणि हवेत ओल धरून ठेवतात. आपणही चेंबरमध्ये तेच करतो. वाळवायचं असतं, तरी हवा ओलसर ठेवून. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. लाकूड वाळवायचं आणि वाफ सोडायची? हो. गाभ्याकडून बाहेर येणाऱ्या पाण्याचा वेग ठरलेला असतो. वरून त्यापेक्षा जास्त ओढलं की लाकूड फाटतं.

आकसणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत साग गाभ्याकडून सालीच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के आकसतो, तर वाढीच्या कड्यांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. या फरकामुळे ज्या खांबाच्या पोटात झाडाचा मध्यबिंदू आला आहे, तो खांब गाभ्याकडे जाणारी एक तरी चीर देणारच. कितीही हळू वाळवा. असा खांब ओळखता आला की निम्मं काम झालं. कापलेल्या तोंडाकडे बघा. कड्यांची पूर्ण वर्तुळं दिसली तर मध्य आत आहे. नुसत्या कमानी दिसल्या तर तो बाहेर गेला.

चिरांची ओळख

तोंडाची चीर टोकाला, कापलेल्या भागावर पडते. लांबीच्या दिशेनं पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पटींनी भरभर निघतं, म्हणून टोकं सगळ्यात आधी वाळतात आणि आधी फाटतात. ती वाढत आरपार गेली की तिला फाट म्हणायचं.

अंगावरची चीर मोठ्या बाजूवर, लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेनं असते. बारीक, तुटक, केसासारखी.

आतली चीर बाहेरून दिसतच नाही. लाकूड कापलं की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. शेवटच्या टप्प्यात बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेतच कडक होऊन बसलेला असतो, गाभा मागाहून आकसतो, आणि आता ताण गाभ्यावर येतो. या उलट्या ताणानंच वरच्या चिरा मिटतात. आमच्या खांबांचंही तेच झालं होतं.

चौथा प्रकार वाळवणीचा नाहीच. झाड उभं असताना किंवा पाडताना वाढीच्या कड्यांच्या बाजूनं लाकूड सुटलेलं असतं, ती कमानीसारखी वाकडी भेग. वाळवणीची चीर बहुतेक वेळा कडी ओलांडून जाते, ही कडीच्या कडेकडेनं जाते. एवढा एक फरक लक्षात ठेवलात तर नको त्या दोषाचं खापर चेंबरवर फुटणार नाही.

जवळ काय ठेवायचं

चांगली टॉर्च. फिलर गेज, म्हणजे गॅरेजवाले टॅपेट लावायला वापरतात त्या पातळ पत्त्यांचा जुडगा. स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग. दोन रंगांचे ऑइल पेंटचे मार्कर. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणि किलोचा मोठा काटा. १०३ अंशांवर स्थिर राहणारी विजेची भट्टी. ओलावा मोजायचं पिनांचं मीटर, तेही हातोडीनं ठोकायच्या लांब पिनांचं आणि पिनांचं अंग झाकलेलं, टोक तेवढं उघडं. साध्या छोट्या पिना वरच्या थराचाच ओलावा सांगतात, जाड लाकडात त्यांचा उपयोग अर्धाच. आणि वही, जिचं कव्हर घामानं विरघळणार नाही अशी.

पायरी १: चेंबरमध्ये जाण्याआधी

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि दुपारची झळ अंगातलं पाणी ओढून घेते. कापून आलेला माल त्या उन्हात दोन दिवस उघडा पडला तर चिरा चेंबरमध्ये पडायच्या राहत नाहीत, आवारातच पडून जातात. मग चेंबरवाला आणि कापणारा एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

म्हणून माल उतरला की आधी सावली. मग टोकांना लेप: डांबर, मेण किंवा जाड ऑइल पेंटचे दोन हात, आणि तोही कापल्या दिवशीच. चार दिवसांनी लावलेला लेप झालेल्या चिरांवर पांघरूण घालतो, एवढंच. वरून गोणपाट टाकलं तरी चालतं, पण ते ओलं करून कोरडं, पुन्हा ओलं असं करू नका.

आता प्रत्येक नग बघा. चारही बाजू, दोन्ही टोकं. जी चीर सापडेल तिच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या मार्करनं आडवी खूण करा आणि वहीत नग नंबर, बाजू, लांबी, तारीख लिहा. जुनी चीर ओळखायची कशी? तिच्या आत धूळ बसलेली असते, कडा काळवंडलेल्या आणि बोथट असतात. ताज्या चिरेच्या आतलं लाकूड उजळ दिसतं आणि कडा धारदार लागतात. भिंगातून हे पाच सेकंदांत कळतं.

गाठींच्या भोवती आणि पांढऱ्या, सालीजवळच्या लाकडाच्या सीमेवर जास्त वेळ द्या. मध्यबिंदू पोटात असलेल्या नगांच्या तोंडावर मोठं गोल काढा. जी बाजू भिंतीकडे जाणार आहे, त्या बाजूनं मध्यापर्यंत करवतीचा एक सरळ काप घ्यायची पद्धत आहे. लाकूड मग त्या कापातच उघडतं आणि दर्शनी बाजू बहुतेक वेळा वाचते. गिऱ्हाइकाला विचारून आणि जोड कुठे येणार ते पाहूनच असं करा.

पायरी २: थप्पी आणि नमुना तुकडा

थप्पीत थरांच्या मध्ये हवा खेळायला ज्या पट्ट्या ठेवतो, त्या एकावर एक ओळंब्यात आल्या पाहिजेत आणि टोकाची पट्टी अगदी टोकाशी. एवढं पुरे, थप्पीवर वेगळा लेख होईल.

नमुना तुकड्याशिवाय मात्र पुढचं काही कळणार नाही. सगळ्यात ओल्या, सगळ्यात जड नगांतून दोन-तीन निवडा. टोकाचा दीड फूट सोडून आतला ७५ सेंटिमीटरचा तुकडा कापा. त्याच्या दोन्ही बाजूंनी २५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या घ्या. चकत्या लगेच तोला, १०३ अंशांवर ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. समजा चकती ओली ३७२ ग्रॅम होती आणि सुकून २३० वर थांबली. १४२ ग्रॅम पाणी गेलं. भागिले २३०, म्हणजे ६२ टक्के.

तुकड्याच्या टोकांना लेप लावून तो तोला. समजा ११.२ किलो भरला. त्याचं सुकं वजन ११.२ भागिले १.६२, म्हणजे सुमारे ६.९ किलो. हा आकडा तुकड्यावरच लिहून टाका. पुढं रोज तो बाहेर काढून तोलला की पूर्ण थप्पीचा ओलावा कळत राहतो, चकती कापायची गरज नाही. थप्पीत त्याला अशी जागा द्या की हात घालून काढता येईल, पण वारा त्याच्यावर बाकीच्यांइतकाच लागेल. दारातच ठेवलात तर तो खोटं सांगेल.

पायरी ३: ओलाव्याचा पहिला तिसरा हिस्सा जाईपर्यंत

सगळ्यात जास्त लक्ष इथं लागतं, आणि नवा माणूस नेमका इथंच कंटाळतो, कारण काही घडतंय असं दिसत नाही.

वरच्या उदाहरणात ६२ टक्क्यांचा तिसरा हिस्सा जायचा म्हणजे ओलावा ४१ टक्क्यांपर्यंत उतरायचा. नमुना तुकडा सुमारे ९.७ किलोवर येईपर्यंत. तोवर हवा सौम्य ठेवायची. चेंबरमध्ये दोन तापमापक असतात, त्यांना आम्ही काटे म्हणतो. कोरडा काटा हवेचं तापमान दाखवतो, ओल्या काट्याभोवती ओलं फडकं असतं. दोघांतला फरक जितका कमी तितकी हवा ओली. जाड आणि जड लाकडासाठी आम्ही कोरड्या काट्यावर ४० ते ४५ अंश आणि ओल्या काट्याशी फरक २ ते ३ अंशांचाच ठेवतो. अंगावरच्या चिरा जवळजवळ सगळ्या याच काळात जन्मतात. भारतीय मानक आयएस ११४१ मध्ये लाकडांचे वाळायला अवघड, मध्यम आणि सोपी असे वर्ग केलेत आणि वर्गाप्रमाणे तापमान-ओलाव्याचे तक्ते दिलेत. साल अवघडात, साग मध्यमात. आपल्या लाकडाचा तक्ता भिंतीवर लावा. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नव्हे, तिप्पट-चौपट लागतो हेही मालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर घाई वरून येते.

रोज एकदा आत जाऊन बघायचं. कसं, ते सांगतो.

आधी पंखे आणि वाफ बंद. बाहेर एक माणूस उभा, तो तिथून हलणार नाही, आणि दार मागून बंद होणार नाही अशी अडकण लावलेली. ४२-४३ अंशांची दमट हवा बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त घातक असते, कारण घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पाच मिनिटांत बाहेर यायचंच. डोकं जड झालं, मळमळलं तर त्याच क्षणी. लाकडासाठीही हेच बरं. दार फार वेळ उघडं राहिलं तर सोलापूरची कोरडी हवा आत घुसते, आणि चीर बघायला गेलेला माणूसच चीर पाडून येतो.

टॉर्च समोरून मारू नका. समोरचा उजेड सगळं सपाट करतो. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून, रेषांना आडवी धरा, म्हणजे उजेड अंगावरून घसरत जाईल. चादरीचा ताणा तपासणारा माणूस कापड उजेडात तिरकं धरतो, तुटलेला धागा त्याला तसाच सापडतो. तिरक्या उजेडात चिरेची एक कड चमकते आणि दुसरी काळी पडते. वाऱ्याच्या तोंडाकडची बाजू आधी बघा, कारण कोरडी हवा तिथं पहिली आदळते. मग वरचे थर, मग गाठी, मग ज्या फळ्यांच्या मोठ्या बाजूवर कमानीची नक्षी दिसते त्या. आकसणं जास्त असलेली दिशा त्या बाजूच्या रुंदीतच येते, म्हणून तिथं चिरा लवकर धरतात.

करवतीचे ओरखडे आणि चीर यांत गोंधळ होतो. ओरखडा रेषांना आडवा किंवा तिरका असतो, त्याला तळ दिसतो. चीर रेषेबरोबर धावते आणि तळ दिसत नाही. शंका आली तर फिलर गेजची ०.१ मिलिमीटरची पात हलकेच सरकवा. शिरली की चीर. किती खोल शिरली ते लिहा, पण त्याला खोलीचा शेवटचा आकडा मानू नका. चीर आत वळलेली असली तर पात मध्येच अडते आणि खरी खोली जास्त निघते.

नवी चीर दिसली की लाल मार्कर. दोन्ही टोकांना आडवी खूण, बाजूला तारीख. दुसऱ्या दिवशी चीर खुणेच्या पुढं गेली असली तर ती जिवंत आहे, हवा अजून कडक आहे. खुणेवर थांबली असली तर निभावलं. हे मी मोबाइलच्या फोटोंवर सोपवून पाहिलं होतं. फोटो साठले, पण कोणता नग आणि कोणती बाजू हेच कळेना. लाकडावरची खूण हरवत नाही.

कानही वापरा. पंखे थांबले आणि शांतता पसरली की एखाद्या मिनिटात थप्पीतून बारीक टक् असा आवाज येतो. पत्रा आणि पाइप थंड होतानाही वाजतात, त्यामुळे एका आवाजावर निर्णय घेऊ नका. पण थप्पीतून पाठोपाठ आवाज यायला लागले तर त्या दिवशी भिंग घेऊनच आत जा. चीर पडताना लाकडातून कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेच्या लहरीही निघतात. लाकडाला संवेदक चिकटवून त्या टिपायचं तंत्र प्रयोगशाळांत वापरलं जातं. आपल्या शेडमध्ये मात्र कानावरच भागवावं लागतं.

ओल्या काट्याचं फडकं

याला वेगळा मथळा दिलाय, कारण मी पाहिलेल्या अर्ध्या चिरा या फडक्यानं पाडल्यात. ओल्या काट्याच्या भोवती सुती फडकं असतं, ते पाणी शोषून ओलं राहतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. आठवड्याभरात फडक्यावर पांढरा क्षार बसतो, फडकं कडक होतं आणि पुरेसं पाणी वर चढत नाही. काटा मग खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. दोन काट्यांतला फरक कमी दिसतो आणि तुम्हाला वाटतं हवा फार ओली आहे. तुम्ही झडप उघडता, वाफ कमी करता. खरं तर हवा आधीच कोरडी असते. दोन दिवसांत थप्पी चिरांनी भरते, आणि वहीतले आकडे मात्र अगदी बरोबर दिसतात!

फडकं दर आठवड्याला बदला. नवं फडकं आधी उकळून त्यातली खळ काढा. भांड्यात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घाला. पहिल्या तिसऱ्या हिश्शाच्या काळात मी फडकं तीन-चार दिवसांनीच बदलतो.

पायरी ४: मधला काळ, जेव्हा चिरा नाहीशा होतात

ओलावा सरासरी ३० च्या खाली गेला की तापमान हळूहळू वाढवता येतं. गाभाही आकसू लागतो, ताण उलटतो, आणि अंगावरच्या बारीक चिरा मिटू लागतात. इथं लाल खुणांची खरी किंमत कळते. खुणेच्या जागी आता काही दिसत नसेल तर वहीत "मिटली" असं लिहा, "नाही" असं नको.

मिटलेली चीर शोधायची असली तर नमुना तुकडा बाहेर काढा, थंड होऊ द्या, आणि स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं अंगावरून फिरवा. पृष्ठभाग मिनिटाभरात वाळतो. चिरेत शिरलेलं स्पिरिट मागं राहतं आणि काळी रेघ उमटते. हे काम उघड्या हवेतच करा. चेंबरच्या आत, बॉयलरजवळ, विडी पिणाऱ्या माणसाजवळ कधीही नाही.

मीटरच्या लांब पिनांनी दोन आकडे घ्या, वरच्या थराचा आणि गाभ्याचा. फरक दिवसागणिक कमी व्हायला हवा. गरम लाकडात मीटर खऱ्यापेक्षा जास्त ओलावा दाखवतं, म्हणून सोबतच्या तक्त्याप्रमाणे वजावट करा. ३० टक्क्यांच्या वरच्या आकड्यावर मीटरचा भरवसा धरू नका, तिथं नमुना तुकड्याचं वजनच खरं.

पायरी ५: आतली चीर

बाहेरून अंदाज देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. नगाचा पृष्ठभाग कुठे लांबट खड्ड्यासारखा खोल गेलाय का, ते पट्टी आडवी धरून बघा. आणि ठोकून ऐका. नग दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, ठोकळे दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाव हिश्श्यापेक्षा किंचित कमी अंतरावर. मधोमध लाकडी हातोडीनं मारा. निर्दोष नग खणखणीत आणि लांब वाजतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. ओलं लाकूडही बद्दच वाजतं, त्यामुळे एकाच मापाचे आणि एकाच ओलाव्याचे नगच शेजारी ठेवून ऐका.

पक्कं उत्तर मात्र करवतच देते. ओलावा २०-२२ च्या आसपास आला की नमुना तुकड्याच्या टोकापासून पाच-सहा इंच आत जाऊन एक चकती कापा. टोकाजवळची चकती नको, तिथलं लाकूड वेगळ्या गतीनं वाळलेलं असतं. चकती उजेडासमोर धरा. मग दोन्ही हातांत धरून हलकी वाकवा. मिटलेल्या आणि आतल्या चिरा वाकवताना उघडतात. पातळ चकती तर त्या रेषेवर सरळ तुटते.

त्याच जागची दुसरी चकती ताण पाहण्यासाठी घ्या. एका बाजूनं करवतीचे समांतर काप घेऊन सहा दात पाडा, मागची बाजू अखंड ठेवा, कंगव्यासारखी. दुसरा आणि पाचवा दात मोडून काढा, म्हणजे कडेच्या दातांना वळायला जागा होईल. कडेचे दात बाहेर वळले तर वरचा थर अजून ताणात आहे आणि चिरा पडायचा धोका चालू आहे. आत वळले तर ताण उलटलाय, वरचा थर कडक होऊन बसलाय. आता गाभा फाटू शकतो, आणि फाटला नाही तरी पुढं सुतारानं चिरल्यावर लाकूड वाकणार. सरळ राहिले तर एक दिवस घरात ठेवून पुन्हा बघा, मगच निश्चिंत व्हा.

लाकूड महाग असेल, कापायची सोय नसेल, तर अल्ट्रासाउंडचं यंत्र वापरता येतं. सिव्हिलवाले काँक्रीट तपासतात तेच, ५४ किलोहर्ट्झच्या दोन प्रोबचं. एक प्रोब एका बाजूला, दुसरा समोर, प्रोब आणि लाकडाच्या मध्ये ग्रीस. लहर आरपार जायला किती मायक्रोसेकंद लागले ते यंत्र सांगतं. आडव्या दिशेत वेग सेकंदाला दीड हजार मीटर धरला तर पाच इंचांना साधारण ८५ मायक्रोसेकंद. वाटेत चीर आडवी आली की लहर वळसा घालून जाते आणि वेळ वाढतो. चीर लहरीच्या दिशेलाच समांतर असली तर मात्र काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक जागी समोरासमोरच्या बाजूंच्या दोन्ही जोड्यांतून मोजा, आणि आकडा पुस्तकाशी नव्हे तर त्याच नगाच्या निर्दोष जागेशी ताडून बघा. वीत-वीत अंतरावर मोजत गेलात की चीर कुठून कुठवर आहे याचा नकाशाच हाती येतो.

चीर सापडली, आता काय

पाणी मारू नका. पहिला हात पाण्याच्या पाइपाकडे जातो, माझाही जायचा. चिरलेला पृष्ठभाग भिजवून पुन्हा वाळवला की चीर आणखी खोल जाते. दोन काट्यांतला फरक अर्ध्यावर आणा, तापमान वाढवायचं थांबवा आणि दोन दिवस लाल खुणा बघा. चिरा थांबल्या तर त्याच हवेत आणखी काही दिवस काढून मग पुढचं पाऊल.

चिरा एकाच कोपऱ्यात असतील तर तिथं वारा जास्त आहे किंवा वाफेचा फवारा पोहोचत नाही. सगळीकडे असतील तर फडकं बघा. टोकांनाच असतील तर लेप. एकाच झाडाच्या नगांत असतील, तर लाकूडच तसं आहे. ते वेगळं काढून पुढच्या खेपेला हळू वाळवा.

दात आत वळत असतील तर शेवटी हवेतला ओलावा वाढवून वरच्या थराला काही तास सैल होऊ द्यायचं, आणि पुन्हा चकती कापून बघायची. घाईत ही पायरी गाळली तर चेंबरमध्ये न दिसलेला दोष सुताराच्या बाकावर दिसतो.

पायरी ६: बाहेर काढल्यावर

चेंबर लगेच सताड उघडू नका. बाहेर आणि आत वीस अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तो आधी कमी होऊ द्या. संक्रांतीच्या, गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरची पहाट चांगलीच गार असते. त्या दिवसांत आम्ही माल सकाळी काढत नाही, दुपारी काढतो.

नग सावलीत पट्ट्यांवर ठेवा. वही उघडा आणि ज्या नगांवर लाल खुणा आहेत ते वेगळे काढा, मग त्या जागी काही दिसो वा न दिसो. त्यांच्यावर एक हात रंधा आपणच मारायचा, सूतभर, आणि लगेच स्पिरिटचं फडकं फिरवायचं. चीर सापडली तर खोली मोजून ठरवा. चीर वरवरची असेल आणि रंध्यात निघून जाणार असेल तर माप थोडं कमी धरून चौकटीला द्या. खोल असेल तर भार घेणाऱ्या खांबाला किंवा तुळईला देऊ नका, त्यातून लहान मापाचे नग काढा. तुळईत मध्यउंचीवरची, जोडाच्या टोकाशी असलेली चीर सगळ्यात वाईट, कारण आडवं घसरण्याचा ताण तिथंच असतो.

ज्यांच्यावर खुणा नाहीत ते आठ दिवस तसेच राहू द्या. आठव्या दिवशी तिरक्या टॉर्चनं पुन्हा चारही बाजू, दोन्ही टोकं. वहीत शेवटची तारीख टाका, नगांचे नंबर लिहा, आणि मग गिऱ्हाइकाला टेम्पो घेऊन यायला सांगा.